बियाला ठेवलेली

माझ्या व्याह्यांनी पारावर हात वर केला तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचा त्यावर विश्वास बसायचा नाही.

गाव औरादच्या अलीकडे, चिंताकीला जाणाऱ्या रस्त्यावर. निम्मी घरं शेतकऱ्यांची, निम्मी मेंढरंवाल्यांची. मेंढरंवाल्यांनीही आता शेती धरली आहे, पण दाराशी पाचपन्नास मेंढरं बांधल्याशिवाय त्यांना घर घर वाटत नाही. माझी धाकटी लेक त्यातल्याच एका घरात दिलेली. मी बिदरला राहते आणि जवळच्याच कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात पॅकिंगला जाते. गावच्या जत्रेला म्हणून रजा टाकून लेकीकडे गेले होते. खरी ओढ जत्रेची नव्हती, नातीची होती. दोन वर्षं नुकतीच पुरी झालेली. तिचे आजोबा संध्याकाळी मेंढरांना वाडग्याच्या कुंपणात बोलवायला जीभ टाळूला लावून "टुर्रर्र... ह्योऽ" अशी हाळी द्यायचे, तर मेंढरांच्या आधी ही घरातून पळत सुटायची. तशीच "टुल्ल" करत त्यांच्या पायाला मिठी मारायची. कळपातलं पहिलं मेंढरू म्हणून सगळे तिला चिडवत.

जत्रा सरली आणि दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसली. तालुक्यातल्या एका वस्तीवर गोवर निघाल्याची बातमी होती. सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई कानडीतून बोलत होत्या आणि अंगणवाडीच्या बाई ते मराठीतून सांगत होत्या, की उद्या सकाळी शाळेत इंजेक्शनं आहेत, एकही लेकरू सुटता कामा नये, गावानंच तसा ठराव करावा. मला वाटलं होतं आता वादावादी होईल. कसली वादावादी! एक म्हणाला, जो घेणार नाही त्याचं रेशन तोडा. दुसरा म्हणाला, अंगणवाडीचा खाऊ बंद करा. तिसऱ्याला तेवढ्यानं समाधान नव्हतं, त्याला असल्या घरांचा जत्रेतला मान काढून घ्यायचा होता. आणि मग माझे व्याही उठले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "मेंढरं टोचून घेतोय का न्हाई आपण? मग लेकरास्नीच कामून न्हाई? सक्ती करा. जो न्हाई म्हनंल त्याच्या दारात गाव उभं करा."

झाडून सगळे हात वर गेले. मागे बसलेल्या बायकांत मी एकटीनं टाळ्या वाजवल्या. पारावर बायकांनी टाळ्या वाजवायच्या नसतात, हे माझ्या लेकीनं मला कोपरानं सांगितलं. पण मी तशी आधीपासूनच तोंडाळ आणि हाताळ. सक्ती हा शब्द मला मनापासून आवडतो. लोक गोडीगुलाबीनं काही करत नाहीत, या मताची मी आहे. अजूनही आहे.

सकाळी लेकीच्या मोठ्या जावेनं आपल्या दोन्ही पोरांना अंघोळी घालून, नवे सदरे चढवून शाळेकडे नेलं. माझ्या लेकीनंही नातीची वेणी घातली, काजळ घातलं, गालाला तीट लावली. तिला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर पडली. शाळा पुढच्या अंगाला. मला वाटलं, मागून जवळची वाट असेल. बराच वेळ झाला. मोठी जाऊ पोरांची रडकी तोंडं पुसत परत आली आणि मला बघून उगाच चुलीत काटक्या सारत बसली. मी चपला पायात सरकवल्या आणि मागच्या वाटेला लागले.

ती वाट ओढ्याला जाते. ओढ्यात पाणी नावाला, काठाला बाभळींची सावली. गावच्या निम्म्याअधिक घरच्या सुना तिथं बसल्या होत्या. कपडे धुवायला आल्यासारख्या, पण एकीजवळही बादली की पिळा नव्हता. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक लेकरू. दोन नाही, तीन नाही, एकच. पोरं एकमेकांच्या हातचे मुरमुरे खात होती, एकाच वाटीनं पाणी पीत होती. माझी लेक त्यांच्यात हसत बसलेली. हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेली एक जण मला बघून जराही दचकली नाही. सरकून जागा करत म्हणाली, "या की अक्का, बसा. नर्सबाई गेल्या की उठायचंच हाय."

काल याच बायकांच्या नवऱ्यांनी, सासऱ्यांनी पारावर हात वर केले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मला पाठ आहे. पण अख्खं गाव एकाच ओढ्यावर कोरडं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. लेकीला विचारलं, फोनवर दर वेळी मला टोचलं म्हणून सांगत होतीस ते काय होतं? ती खाली मान घालून म्हणाली, अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तसं सांगायला सांगितलं होतं. जन्मल्यावर बिदरच्या दवाखान्यात मी उभं राहून जे काय टोचून, पाजून घेतलं होतं तेवढंच. पुढचं काहीच झालेलं नव्हतं.

मी तडक घरी आले. लेकीच्या सासरी आईनं आवाज चढवायचा नसतो, व्याह्याशी तर नाहीच नाही. पण माझं डोकं सणकलं होतं. मोठीचे दोन्ही पोरगे टोचलेले आणि माझीच नात मागच्या दारानं पळवलेली, याचा अर्थ लावायला मला शाळा शिकावी लागत नव्हती. व्याही वाडग्यात होते. मी दाराशीच उभी राहून म्हणाले, "इवाई, पोरगी झाली म्हणून सुईसुद्धा तिच्या वाट्याला नाही का?"

ते रागावले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी कुठल्या तिसऱ्याच भाषेत बोलले. मग मला आत बोलावून त्यांनी मेंढरं दाखवली. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले की टोचलेल्या मेंढराच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढतात, एकाला दोनदा सुई बसू नये म्हणून. सगळ्या पाठी गेरूनं लाल होत्या. फक्त दोन पाठी कोऱ्या, एका ऐन वयातल्या मेंढीची आणि एका ठसठशीत नराची.

"ह्यास्नी टोचलं न्हाई," ते म्हणाले. "दरसाल एक जोडी ठेवताव. बापबी ठेवायचा. औषध चांगलंच असतंय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर एखाद्या साली वंगाळ निघालं आन् समदा कळप बसला, तर पुन्हा कळप कशातनं उभारायचा? बी लागतंय की."

मी म्हणाले, ती मेंढरं आहेत.

"ज्वारीचं कणीस बियाला ठेवताना वंगाळ कणीस ठेवताव व्हय, इहीणबाई?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "घरात तीन लेकरं. त्यातनं ही निवडली."

भांडण माझ्या तोंडात तयार होतं. ते गिळावं की थुंकावं मला कळेना. मी समजत होते नावडतीची उपेक्षा, आणि इथं तर पोरीला देवघरात ठेवावं तशी जपून ठेवली होती. माझ्या नातीवर एवढा जीव कुणी लावला असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्या जिवाचा अर्थ असा असेल हे तर स्वप्नातही आलं नव्हतं. मला भीती वाटली. वाईट माणसाशी कसं भांडायचं ते मला येतं. या माणसाशी कसं भांडायचं?

तरी विचारलं, की मग काल पारावर सक्ती करा म्हणून का ओरडलात?

"सक्ती पायजेच," ते म्हणाले, आणि ते पूर्ण खरं बोलत होते. "बाकीच्या समद्यांनी टोचून घेतल्याबिगर बी जगत न्हाई. ह्या दोघास्नी रोग कामून लागत न्हाई? चारी अंगानं टोचल्याली उभी हायत म्हणून."

आणि ओढ्यावरच्या बाकीच्या बायका? त्यांनी खांदे उडवले. ते त्यांचं बी, म्हणाले, ज्याच्या त्याच्या घरचं. गावातल्या एकाही माणसानं ती सगळी बियाणी एकत्र मोजली नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं, आपलं एकच तर आहे.

लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, माहेरपणाला म्हणून चार दिवस बिदरला चल, तिथं टोचून आणू, कुणाला पत्ता लागायचा नाही. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "हिला ठेवल्यापासून सासूबाई मला आधी वाढतात. अप्पा बाजाराला जाताना मला इचारून जातात, काय आणू म्हणून. धाकटी म्हणून कोण इचारत होतं गं मला? आई, तू हे मोडू नको."

ही माझ्याच पोटची. मी तिला बारावीपर्यंत शिकवलेली. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघींपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. निघताना मी विहिणीला म्हटलं, नातीला आठ दिवस माझ्याकडे द्या. विहीण गोड हसली, पोरीला आणखी जवळ धरलं आणि म्हणाली, सुगी झाली की बघू. जावयाला फोन केला. तो हुमनाबादहून ट्रक चालवतो, महिन्यात एखाद्या वेळी घरी असतो. कुठल्याशा ढाब्यावरून तो म्हणाला, अप्पास्नी इचारतो. लेकीच्या आईचा हक्क किती लांबीचा असतो ते त्या दिवशी मोजून झालं. एस.टी.त बसेपर्यंतच.

कोळारला जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं मैत्रिणींना सांगितलं. आमच्या शेडमध्ये मराठी, कानडी, दखनी सगळं एका डब्यात चालतं. एक वाक्य सुरू होतं एका भाषेत आणि संपतं दुसरीत. सगळ्या पेटून उठल्या. असल्यांना पोलिसात द्या, दंड लावा, सरकारनं मुळात विचारायचंच कशाला, धरून टोचायचं. मला बरं वाटलं. मी एकटी वेडी नव्हते. त्यांच्यातली सगळ्यात मोठ्यानं बोलणारी, हुमनाबादकडची, डबा बंद करताना जरा थांबली. म्हणाली, "पर अक्का, ज्यानं एकबी ठेवलं न्हाई, आन् औषधच वंगाळ निघालं, तर त्याचं समदंच गेलं की."

कुणी हसलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं. चौघी-पाच जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मी काय उत्तर देते म्हणून. मघाशी धरून टोचा म्हणणाऱ्याच त्या. मी म्हणाले, तुला खूळ लागलंय, आणि उठले. पण त्या दिवसापासून कुणी सक्तीच्या बाजूनं तावातावानं बोलायला लागलं की मी त्याच्या घरी किती लेकरं आहेत ते मनात मोजते.

मी रोज फोन करत राहिले. आर्जवं केली, शिव्या दिल्या, एकदा रडले. लेक म्हणायची, आई, ती ठणठणीत आहे, तिची हाळी ऐकवू का? आणि पलीकडून "टुल्ल" असा आवाज यायचा.

थंडी सरता सरता नर्सबाई परत गावात आल्या. या वेळी रेशन तोडण्याची भाषा जास्त जोरात होती, त्यामुळे लपणंही जास्त नीट झालं. पुढचं मला लेकीनं नंतर सांगितलं. सगळ्या पुन्हा ओढ्यावर गेल्या आणि दुपार कलेपर्यंत बसल्या. त्यातल्या एका लेकराचे डोळे लाल होते, नाक गळत होतं, अंग कोमट. त्याच्या आईनं सर्दी म्हटलं, बाकीच्यांनीही सर्दी म्हटलं. तोच मुरमुऱ्यांचा पुडा, तीच वाटी. बीच बी तेवढं एका सावलीत गोळा झालं होतं, आणि टोचलेली पोरं शाळेच्या अंगणात मजेत खेळत होती.

आठ-दहा दिवसांत गोवर गावात शिरला. शिरला म्हणजे कसा? घराघरात एकच लेकरू तापलं. थोरली भावंडं अंगणात विटीदांडू खेळत आणि आत एकच खाट भरलेली. एखाद्यानं वेचून घ्यावं तसं त्यानं नेमकं ठेवलेलं तेवढं वेचून घेतलं. दारादारांत कडुलिंब लागला, फोडण्या बंद झाल्या, कुणी देवीचं नाव घेतलं. नात डोळे उघडेना तेव्हा लेकीनं मला फोन केला. त्याआधी तिनं मला खोटंच सांगितलं होतं, झोपलीय म्हणून.

बिदरच्या दवाखान्यात मी धावत पोचले. वॉर्डाच्या दारात उभी राहिले आणि आत जाववेना. ओढाच होता तो. त्याच बायका, त्याच क्रमानं जणू, एकेका खाटेवर एकेक लेकरू घेऊन. फक्त हसत नव्हत्या. मला जागा करून देणारी हिरव्या बांगड्यांची बाई खिडकीजवळ होती. मला बघून याही वेळी सरकली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन आले तर ती खाट रिकामी होती आणि आया चादर बदलत होती. फरशीवर हिरव्या काचेचे तुकडे होते. त्या बाईच्या घरात आणखी दोन मुलं आहेत, टोचलेली, धडधाकट. तिच्या सासऱ्यानं हे गणित कसं सोडवलं असेल, देव जाणे.

माझे व्याही वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभे असायचे. बाक रिकामं असलं तरी बसायचे नाहीत. बोलायचं ठरवून गेले होते, एकेक शब्द धार लावून ठेवला होता. पण त्यांच्या पटक्याचा शेव ते सारखा पिळत होते, आणि तो पार चिंध्या झाला होता. डॉक्टर म्हणाले पोरगी वाचली, तेव्हा त्यांनी कनवटीचा भंडारा काढून तिच्या कपाळाला लावला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. नातीच्या पायांवर आजा डोकं ठेवतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. आपोआपच मी तोंड फिरवलं.

दवाखान्यातून सुटल्यावर मी रजा वाढवून त्यांच्याबरोबर गावाला गेले. पोर काडी झाली होती, पण खात होती, बोटं दाखवून मागत होती. बोलत नव्हती. अशक्तपणा आहे, सगळे म्हणाले. मीही म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, कान तपासायचे म्हणून. त्या शब्दावर कुणी थांबलं नव्हतं. पोरगी घरी आली याच आनंदात विहिणीनं दारातला लिंब काढला आणि कित्येक दिवसांनी फोडणी दिली. घरभर लसणाचा वास सुटला.

संध्याकाळी मेंढरं परतली. नात दाराच्या पायरीवर वाडग्याकडे पाठ करून बसली होती. मी तिच्या मागे, उंबऱ्यात. व्याही वाडग्याच्या तोंडाशी उभे राहिले. किती तरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आता बघा कशी पळत येते, अशा अर्थानं. आणि जीभ टाळूला लावून हाळी दिली, "टुर्रर्र... ह्योऽ"

नात पायरीवर बसून राहिली.

ते दोन पावलं पुढं आले. आता त्यांनी ओंजळ तोंडाशी धरली आणि छातीतून, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी हाळी दिली. मोठी जाऊ घरातून बाहेर आली. लेकीच्या हातातली परात थांबली. वाडग्यातली मेंढरं, नुकती बसलेली, एका दमात उठून उभी राहिली. गेरूची आणि बिनगेरूची, सगळीच त्यांच्याकडे बघायला लागली.

पोरगी पायरीवर एका बोटानं मातीत रेघ ओढत होती. रेघ पुरी झाली तशी तिनं दुसरी सुरू केली.